पिवळ्या टोप्यांचं बंदर

मी आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचा शेवटपर्यंत बसला नाही, आणि तिच्या डोक्यावर तर त्यातलीच एक टोपी होती. तेव्हा तुमचा बसला नाही तर मला वाईट वाटणार नाही. बसला तर मात्र तुमची काळजी वाटेल.

बंदरावर मला बंडलकाका म्हणतात. का म्हणतात ते विचारू नका, माणसांच्या पोटात दुखतं दुसरं काय. त्या दुपारी आम्ही जाळ्यांच्या शेडमध्ये बसलो होतो. आम्ही म्हणजे मी, बर्फाच्या कारखान्याची खिडकी सांभाळणारी बर्फवाली, नवा तांडेल आणि कोपऱ्यात माझा थोरला भाऊ, दादा. दादा कोपऱ्यात असतोच. सगळी हयात बोट चालवलेला माणूस, आता शाळांच्या मैदानांसाठी गोलची जाळी विणतो. पूर्वी त्याच्या जाळ्यात खच्चून मासळी यायची, आता आलाच तर चेंडू. हे मी त्याच्या तोंडावर म्हणतो. तो काही बोलत नाही. सुई आत, सुई बाहेर, गाठ आवळली, की पुढची. डोक्यावर तीच टोपी, एके काळी पिवळी असलेली.

नवा तांडेल दुसऱ्या बंदरातून स्वतःची बोट चालवत आलेला, हौशी गडी. त्याची बोट मासळीवर संशोधन करणाऱ्या खात्याने भाड्याने घेतली होती. समुद्रात मासळी किती उरली हे मोजायला खात्याकडे शास्त्रज्ञ असतात, यंत्रं असतात, पण मासे धरणारी बोट नसते. मग ते आमच्यासारख्यांची बोट मागतात, आमच्यासकट. दुसऱ्या दिवशी सकाळी खात्याच्या मोठ्या बाई त्याच्या बोटीवर चढणार होत्या. याच बाई तरुणपणी आमच्या बोटीवर होत्या असं त्याच्या कानावर आलं होतं. म्हणून विचारायला आला होता, कशा आहेत, खाण्यापिण्याचे काही नखरे आहेत का.

"बस," मी म्हणालो. "त्यांच्या खाण्याचं सोड. आमचं काय काय खाल्लं गेलं ते ऐक."

बर्फवालीने कपाळाला हात लावला. तिने ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की मी श्वास कुठे घेतो तेही तिला पाठ आहे. पण बर्फाला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून उठली नाही.

तर तेव्हा आमच्या खाडीत एकच मासळी राज्य करायची. अंगावर पट्टे, म्हणून पट्टेवाली. सगळं बंदर तिच्यावर जगायचं. मग खात्यात कुणाच्या तरी डोक्यात आलं की पट्टेवाली संपत आली आहे, खाडीत जाळी टाकणं बंद करावं का ते बघू. खाडी बंद म्हणजे काय हे या पोराला कळणार नाही, त्याची बोट लांबलचक आहे, बाहेरच्या समुद्रात जाते. आमच्या बोटी आखूड, सपाट बुडाच्या. खाडीच्या तोंडाबाहेर गेल्या की दारू प्यायल्यासारख्या डोलायच्या. दादाची बोट वडिलांच्या हातची, पण दादाने तिची एकेक फळी बदलली होती. वडिलांचं तिच्यात शेवटी फक्त नाव उरलं होतं. खाडी बंद झाली तर त्या बोटीला जायला जागाच नव्हती, आणि बोटीशिवाय दादाला.

म्हणूनच खात्याने बोट भाड्याने मागितली तेव्हा दादाने सगळ्यांत आधी हात वर केला. बाकीचे म्हणाले, अरे, फाशीचा दोर तूच वळून देतोस. दादा म्हणाला, आपल्या बोटीवरून बघतील तर डोळ्यांनी बघतील की मासळी किती आहे. त्याचं गणित साधं होतं. खरं असलेलं दाखवायला घाबरायचं कशाला?

मग आली ती बाई. तेव्हा बाई कसली, मुलगीच. पाठीला मोठी पिशवी, हातात पिस्तुलासारखं काहीतरी. ते पिस्तूल मासळीच्या पाठीत टोचायचं, टुक, की पाठीवर पिवळ्या दोऱ्यासारखा एक बिल्ला बसायचा, त्यावर नंबर. बिल्ला बसला की मासळी परत पाण्यात. आम्ही तिचं नाव टोचणीबाई ठेवलं. काम असं, आम्ही मासळी जिवंत धरायची, पाण्याच्या टबात ठेवायची, तिने टोचायची आणि आम्हीच धरलेली मासळी आम्हीच सोडून द्यायची. आयुष्यभर धरलेलं न सोडणारी माणसं आम्ही. पहिली मासळी पाण्यात सोडली तेव्हा आमच्या इंजिनवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी स्वतः पाहिलं.

"डोळ्यांत इंजिनचा धूर गेला असेल," बर्फवाली म्हणाली. इंजिनवाला तिचा चुलता होता.

दोन-चार दिवसांत पट्टेवालीला त्याची इतकी सवय झाली की मासळ्या आपणहून बोटीच्या कडेला रांग लावून उभ्या राहायच्या. एक तर टोचून गेलेली परत आली. म्हणाली, हा रंग मला शोभत नाही, लाल आहे का?

"मागच्या वेळी ती निळा मागत होती," बर्फवाली म्हणाली.

"ती हिची बहीण."

नवा तांडेल खदखदून हसला. मला अशी माणसं आवडतात. कोपऱ्यात सुई चालू होती.

पहिल्याच सकाळी, बिल्ले टोचायला सुरुवात होण्याआधी, टोचणीबाईने सगळ्यांना डेकवर बोलावलं. उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसली. तिच्याकडे एक डबा होता, त्यात पांढरे वाटाणे आणि थोडे काळे रंगवलेले. डबा हलवायची, मूठ भरून वाटाणे काढायची, तळहातावर पसरून आम्हाला दाखवायची, परत डब्यात टाकायची. काहीतरी समजावत होती. पण आमचं जाळं ओढायचं विंच चालू होतं, आणि आमचं विंच म्हणजे दगड दळणारी गिरणी. शेजारच्याने आईवरून शिवी दिली तरी कळायचं नाही. तिचे ओठ हलताना दिसत होते तेवढंच. मी आपला तिच्या मागे उभा राहिलो आणि तिची नक्कल केली. एक वाटाणा डोळ्याला लावून त्याला त्याचं नाव-गाव विचारलं, त्याच्या पाठीत बोटाने टुक केलं, आणि तिच्यासारखा तो मऊ, शाळेतल्या बाईंचा आवाज काढला, "तर बघा हं, हा काळा कुणाचा कोण?" पोरं पोट धरून खाली बसली. दादासुद्धा हसला. दादा कधी हसायचा नाही. तो एकदा हसला की बोटीवर आठवडाभर पुरायचं.

तिने डबा बंद केला आणि पिशवीत ठेवला. कामाला लागलो.

पुढे खाडीभर ठिकठिकाणी मासळी सोडली. पण शेवटी हवा फिरली, तेव्हा उरलेली सगळी, आणि उरलेली म्हणजे निम्म्याच्या वर, तिने एकाच जागी सोडली, एका उथळ्यापाशी, म्हणजे पाणी कमी असतं तिथे. म्हणाली, हंगाम सुरू होईपर्यंत ही पसरेल सगळीकडे. आम्हीही म्हटलं, पसरेल. कुणालाच माहीत नव्हतं की पट्टेवाली इतकी आळशी. जिथे सोडली तिथेच ठाण मांडून बसली, माहेरी आलेल्या लेकीसारखी.

हंगाम सुरू झाला. खात्याने सांगून ठेवलं होतं, नेहमीसारखी मासेमारी करा, बिल्लेवाली मासळी सापडली की बिल्ला आणून द्या, एका बिल्ल्यामागे एक टोपी. पिवळी टोपी, पुढे कडक चोच, वर मासळीचं चित्र. आता बघा, माणूस कशाने बिघडतो ते सांगता येत नाही. पैशाने बिघडतो, बाईने बिघडतो. आमचं बंदर टोपीने बिघडलं. पहिल्या आठवड्यात चार टोप्या दिसल्या. मग न्हाव्याच्या डोक्यावर, बंदराच्या चौकीदाराच्या डोक्यावर, बर्फवालीच्या आजीच्या डोक्यावर. कुत्र्याला टोपी होती. एक बगळा होता धक्क्यावर, त्याला सुद्धा.

"बगळ्याला नव्हती," बर्फवाली म्हणाली.

"होती. उडताना पडली."

पण फक्त टोपीसाठी नव्हतं ते. दादाने आम्हा सगळ्यांना जमवून सांगितलं की बाबांनो, हीच वेळ आहे. खात्याला वाटतंय मासळी नाही. जितके बिल्ले परत जातील तितकी मासळी आहे हे त्यांना कळेल. ढीगभर बिल्ले द्या त्यांच्या हातात, खाडी बंद करायची भाषा काढणार नाहीत. सगळ्यांना पटलं. न पटण्यासारखं त्यात होतं काय? मोजायला आलेल्या माणसाला भरपूर दाखवावं, हे आपण पाहुण्याच्या ताटातसुद्धा करतो.

मग सगळ्या बोटी त्या उथळ्यावर. बाकीच्या जागा ओस. दुसरीकडे जाळं टाकायला गेलेल्याला लोक म्हणायचे, बंदराचा घात करतोस का? जाळं वर आलं की मासळी नंतर, आधी पिवळं शोधायचं. वहिनी धक्क्यावर उभी असायची, दादा लांबूनच हात वर करून बोटांनी दाखवायचा आज किती. तिने टोप्या दाराच्या खुंटीवर एकावर एक रचल्या होत्या. लोकांच्या घरात पदकं लावतात तशा.

दर आठवड्याला टोचणीबाई नकाशा घेऊन धक्क्यावर यायची. बिल्ला घ्यायची, टोपी द्यायची आणि विचारायची, ही मासळी सापडली कुठे? इथे बोट ठेवा.

आता नव्या तांडेला, तूच सांग, तू कुणाला जागा सांगतोस? बायकोला सांगतोस? कुठलाच तांडेल सांगत नाही. आमच्या वडिलांनी शेवटच्या घटकेला दादाला जवळ बोलावून कानात एक जागा सांगितली होती. ती पण खोटी निघाली. हे रक्तातच असतं. जो तो नकाशावर बोट ठेवायचा, कुणी उत्तरेला, कुणी पूर्वेला, कुणी खाडीच्या तोंडाशी. मी एकदा दीपगृहावर बोट ठेवलं. ती म्हणाली, इथे तर जमीन आहे. मी म्हटलं, भरती मोठी होती. दादाने सुद्धा, इतक्या सरळ माणसाने, उथळ्यापासून लांबात लांब बोट ठेवलं. त्यात काही खोटं बोलतोय असं त्याला वाटलंच नसणार. जागा विचारली की दुसरीकडे बोट दाखवायचं, हे शिंक आली की तोंडावर हात धरण्यासारखं आहे.

तिचा नकाशा ठिपक्यांनी भरून गेला, सगळीकडे सारखे. ती खूश. म्हणाली, मासळी छान पसरली आहे, मला हेच हवं होतं. आम्ही तिला हवं ते दिलं होतं.

हंगामाच्या शेवटी लिलावाच्या हॉलमध्ये सभा झाली. सगळे टोप्या घालून आलो होतो. निकाल आपल्या बाजूने लागणार म्हटल्यावर माणूस चांगलं घालूनच जातो. माडीवरून बघणाऱ्याला वाटलं असतं की सूर्यफुलांचं शेत बसलंय. खात्याचे साहेब उभे राहिले. घसा साफ केला आणि म्हणाले, खाडी बंद.

कुणाला कळेचना. मग साहेबांनी समजावलं. एक पोतं वाटाणे घ्या म्हणाले. किती आहेत ते माहीत नाही. त्यात थोडे काळे मिसळा आणि मूठ भरून काढा. पोतं मोठं असेल तर काळे त्यात हरवतील, मुठीत एखादाच येईल. मूठभर वाटाण्यांत खूप काळे आले तर समजायचं की पोत्यात मुळात वाटाणेच कमी आहेत. तुमच्या प्रत्येक जाळ्यात इतके बिल्ले आले की आम्ही आमचा आकडा तीनदा तपासला. पट्टेवाली उरलेलीच नाही.

दादा उठला. त्याने टोपी काढून हातात घेतली आणि विचारलं, "म्हणजे आम्ही कमी बिल्ले आणले असते तर?"

"तर मासळी जास्त आहे असं निघालं असतं," साहेब म्हणाले.

दादा उभाच होता. मग म्हणाला, साहेब, ती सगळी मासळी एकाच जागेची आहे, बिल्लेवाली सोडली होती तिथली. आम्ही सगळे तिथेच जात होतो. साहेबांनी नकाशा वर धरला. सगळीकडे सारखे ठिपके. म्हणाले, हे तुम्ही लोकांनीच दाखवलंय ना? यातला खोटा कोणता ते सांगा. दादाने हॉलकडे वळून बघितलं. आता एकेकाने उठून म्हणायचं होतं, माझा खोटा, माझा खोटा, खरी जागा ती तिथे. सगळ्यांच्या देखत, सगळ्या तांडेलांच्या देखत. कुणीही उठलं नाही. टोपीची शिवण इतकी बारकाईने बघण्यासारखी असते हे त्या दिवशी कळलं. साहेब टोचणीबाईशी काहीतरी बोलले आणि हसले. बंदी आली की मासे धरणारे काहीही सांगतात, असंच काहीतरी म्हणाले असतील. टोचणीबाई हसली नाही. ती दादाकडे बघत राहिली, मग नकाशाकडे.

खाडी बंद झाली. आणि गंमत बघ, मासळी होती. धक्क्याला बांधलेल्या रिकाम्या बोटींना खालून येऊन टकटक करायची. वर डोकं काढून विचारायची, आज पण सुट्टी का?

या वेळी बर्फवाली काही म्हणाली नाही. या जागी ती कधीच काही म्हणत नाही. बंदीच्या दुसऱ्या वर्षी तिच्या चुलत्याने, आमच्या इंजिनवाल्याने, इंजिन सुटं करून विकलं आणि परत या धक्क्यावर पाऊल टाकलं नाही.

उभ्या बोटीला पाणी आतून खातं. वहिनी हॉस्पिटलच्या चादरी धुवायला जाऊ लागली. तिच्या हाताला आयुष्यभर मासळीचा वास होता, आता फिनेलचा आला. तिला तो आवडत नव्हता. जेवताना ती हात मागे घ्यायची. दादा रोज बोटीवर जाऊन उपसायचा, पाणी बाहेर, परत आत, परत बाहेर. शेवटी बंदराच्या ऑफिसातून माणूस आला, ही हलवा म्हणाला. दादाने ती स्वतः तोडायच्या यार्डात नेली. फळ्या ओळखीच्या होत्या त्याच्या, कुठली कधी बसवली ते सगळं. यार्डातल्या लोकांनी विचारलं, थांबताय का? तो थांबला. संध्याकाळपर्यंत. घरी आला तेव्हा डोक्यावर टोपी तशीच होती, वर लाकडाचा भुसा.

काही वर्षांनी खाडी उघडली. तोवर आमच्यातलं कोण उरलं होतं? बाहेरून लांब बोटी आल्या, तुझ्यासारख्या. राग नाही बाबा तुझ्यावर. तू आलास म्हणून बर्फ तरी खपतो.

नवा तांडेल आता हसत नव्हता. त्याने विचारलं, "मग त्या बाईंनी आधी का नाही सांगितलं? जास्त बिल्ले म्हणजे कमी मासळी, एवढं एक वाक्य. आणि नेहमीच्या जागी जा, एवढं दुसरं."

"तेच तर," मी म्हणालो. "शिकलेली माणसं. आपल्याला घालायची ती टोपी घालतात आणि जातात. ऐकू येईल असं एकदा सांगितलं असतं तर आज ही शेड बोटींच्या जाळ्यांनी भरलेली दिसली असती, गोलच्या नव्हे. आता उद्या ती तुझ्या बोटीवर येईल. डबा काढेल. तू काय करायचंस? मान डोलवायची आणि विंच चालू ठेवायचं. आम्हाला तरी काय कळलं? त्या विंचच्या आवाजात..."

"विंच बंद होतं."

मी वळून बघितलं. बर्फवालीनेही बघितलं. दादाची सुई जाळ्यात अर्धवट अडकली होती आणि त्याने ती सोडून दिली होती. इतक्या वर्षांत मी ही गोष्ट त्याच्यासमोर किती वेळा सांगितली असेल, त्याने कधी मान वर केली नव्हती.

तो माझ्याकडे बघतच नव्हता. नव्या तांडेलाकडे बघत होता.

"तिला बोलायचं होतं म्हणून मीच बंद केलं होतं," दादा म्हणाला. "तिने सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. हा तिच्या मागे उभा होता, आणि आम्ही हसत होतो."